वाचकांचे प्रश्न : ड्रीम थिएटर आणि दीर्घ रचनेचा आग्रह

प्रश्न : ड्रीम थिएटर हा अमेरिकी प्रोग्रेसिव्ह मेटल बँड मी आणि माझे मित्र नियमित ऐकतो. त्याचा इतिहास मराठीत सलग वाचायला मिळत नाही. हा बँड कसा घडला, त्यातील माणसे का बदलत गेली आणि त्याच्या वाटचालीतील खरे वळण कोणते मानावे, हे सविस्तर सांगावे.
— एक महाविद्यालयीन वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या बँडचे चाहते बहुधा 1992 सालच्या यशाकडे बोट दाखवतात आणि माझ्या मते खरे वळण त्यानंतर सात वर्षांनी आले. त्यासाठी सुरुवातीपासून सांगावे लागेल.

1985 मध्ये बॉस्टन शहरातील बर्कली कॉलेज ऑफ म्युझिक या संस्थेत गिटारवादक जॉन पेट्रुची, बेसवादक जॉन म्युंग आणि ड्रमवादक माइक पोर्टनॉय एकत्र आले. पेट्रुची आणि म्युंग हे न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या किंग्ज पार्क गावचे शाळासोबती होते, आणि पोर्टनॉय त्याच परिसरातील लाँग बीचचे. कॅनडाच्या रश या बँडची लांबलचक, गुंतागुंतीची रचना आणि आयर्न मेडन, मेटालिका यांचा जोरकस गिटारनाद ही दोन्ही वेडे तिघांनाही सारखीच होती. पेट्रुचींचा बालमित्र केव्हिन मूर की-बोर्डसाठी आला, गायक म्हणून ख्रिस कॉलिन्स आला आणि ‘मॅजेस्टी’ या नावाने बँड उभा राहिला. पुढे तिघांनीही शिक्षण अर्धवट सोडून सगळा वेळ बँडला दिला.

नाव मात्र टिकले नाही. त्याच नावाच्या दुसऱ्या एका बँडने कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यावर नवे नाव शोधणे भाग पडले, आणि पोर्टनॉय यांचे वडील हॉवर्ड यांनी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथल्या एका चित्रपटगृहाचे नाव सुचवले. तेच ‘ड्रीम थिएटर’. दरम्यान कॉलिन्स यांच्या जागी चार्ली डॉमिनिची हे वयाने बरेच मोठे गायक आले होते. त्यांच्यासह केलेला ‘व्हेन ड्रीम अँड डे युनाइट’ हा पहिला अल्बम 1989 मध्ये निघाला. रेकॉर्ड कंपनीने त्याची जाहिरात जवळजवळ केलीच नाही, कार्यक्रम मोजकेच झाले आणि डॉमिनिची यांनाही बँडपासून वेगळे व्हावे लागले. त्यानंतरचा काळ गायक शोधण्यात गेला. शेकडो ध्वनिफिती ऐकून झाल्यावर 1991 मध्ये कॅनडाहून जेम्स लाब्री यांची फीत आली, आणि तेव्हापासून आजपर्यंत या बँडचा आवाज त्यांचाच आहे.

जुलै 1992 मध्ये आलेल्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ने चित्र बदलले. त्यातील ‘पुल मी अंडर’ हे गाणे आठ मिनिटांहून मोठे आहे, त्याचे शब्द शेक्सपिअरच्या हॅम्लेटवर बेतलेले आहेत आणि ते ऐन भरात असताना सुरी फिरवल्यासारखे अचानक तुटते. असे गाणे रेडिओवर आणि एमटीव्हीवर गाजेल, अशी अपेक्षा कोणीही केली नसेल. ते गाजले, आणि त्या गाजण्यातच पुढच्या अडचणीचे बीज होते, कारण ज्या कंपनीने एक यशस्वी गाणे पाहिले तिला दुसरे हवे असते.

1994 चा ‘अवेक’ हा अल्बम अधिक काळोखा आणि जड आहे. पेट्रुचींनी सात तारांची गिटार प्रथम याच अल्बमसाठी वापरली आणि बँडच्या नादात खालचा खर्ज आला. अल्बम बाहेर पडण्यापूर्वीच केव्हिन मूर यांनी बँड सोडला. त्यांना स्वतःचे वेगळे संगीत करायचे होते. त्यांनी एकट्याने लिहिलेले ‘स्पेस-डाय व्हेस्ट’ हे त्या अल्बमचे अखेरचे गाणे बँडने जवळजवळ वीस वर्षे मंचावर वाजवले नाही. 2014 मध्ये बॉस्टनच्या ऑपेरा हाउसमध्ये, बर्कलीच्याच विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाला सोबत घेऊन केलेल्या कार्यक्रमात ते ध्वनिमुद्रित झाले. आणखी एक आघात 1994 च्या अखेरीस झाला. क्युबामध्ये सुट्टीवर असताना अन्नातून विषबाधा होऊन झालेल्या उलट्यांमुळे लाब्री यांच्या स्वरतंतूंना गंभीर इजा झाली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, तरी जानेवारी 1995 मध्ये ते जपानच्या दौऱ्यावर गेले. त्यानंतरच्या काही वर्षांतील प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे ऐकताना त्यांच्या आवाजावर टीका करणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

आता त्या वळणाकडे येतो. मूर यांच्या जागी डेरेक शेरिनियन आले आणि 1996 पासून नव्या अल्बमची तयारी सुरू झाली. बँडकडे दोन तबकड्यांचा अल्बम होईल एवढी सामग्री होती. त्यात ‘मेट्रोपोलिस’ या 1992 च्या रचनेचा वीस मिनिटांहून मोठा उत्तरार्धही होता. कंपनीला दोन तबकड्या नको होत्या. निर्माता म्हणून केव्हिन शर्ली नेमले गेले, गाणी आखूड आणि सोपी करण्याचा दबाव आला, आणि डेझमंड चाइल्ड या लोकप्रिय गाण्यांच्या व्यावसायिक लेखकाबरोबर पेट्रुचींनी एका गाण्याचे पुनर्लेखन केले. 1997 मध्ये निघालेला ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’ हा अल्बम वाईट नाही, उलट त्यातील काही रचना मला आजही मनापासून आवडतात. परंतु आपल्याच कामावर आपला ताबा राहिलेला नाही, ही भावना बँडमध्ये, विशेषतः पोर्टनॉय यांच्या मनात, एवढी तीव्र झाली की बँड सोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला.

याच सुमारास पोर्टनॉय आणि पेट्रुची यांनी लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट नावाचा केवळ वाद्यसंगीताचा एक स्वतंत्र उपक्रम केला. त्यात बेसवादक टोनी लेव्हिन होते आणि की-बोर्डवर होते जॉर्डन रुडेस, जे वयाच्या नवव्या वर्षापासून न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संस्थेत पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकलेले वादक. त्या मोकळ्या वादनात जे जुळले ते पाहून 1999 मध्ये शेरिनियन यांना निरोप देण्यात आला आणि रुडेस बँडमध्ये आले. पुढचा अल्बम कोणाच्याही हस्तक्षेपाविना करू दिला पाहिजे, अशी बँडची अट होती, ती मान्य झाली, आणि निर्मितीची जबाबदारी पेट्रुची आणि पोर्टनॉय यांनी स्वतःकडे घेतली. ज्या बेअरट्रॅक्स स्टुडिओत ‘इमेजेस अँड वर्ड्स’ मुद्रित झाला होता तेथेच ‘मेट्रोपोलिस भाग 2 : सीन्स फ्रॉम अ मेमरी’ तयार झाला. संमोहनोपचार घेणाऱ्या निकोलस नावाच्या माणसाला 1928 मध्ये खून झालेल्या व्हिक्टोरिया नावाच्या तरुणीचे आयुष्य आठवू लागते, अशी एकच कथा हा अल्बम आरंभापासून अखेरपर्यंत सांगतो. कंपनीने बाजूला ठेवलेला उत्तरार्ध असा एका संपूर्ण अल्बमच्या रूपाने परत आला.

मी याला वळण म्हणतो ते यासाठी की, 1992 चे यश बँडच्या हातात नव्हते, 1999 चा निर्णय होता. त्यानंतर रेडिओवर वाजेल असे गाणे करण्याचा प्रश्नच त्यांनी स्वतःपुरता संपवला. 2002 च्या ‘सिक्स डिग्रीज ऑफ इनर टर्ब्युलन्स’मध्ये दुसरी तबकडी म्हणजे 42 मिनिटांची एकच रचना आहे. 2005 च्या ‘ऑक्टेव्हेरियम’मध्ये आठ गाणी आठ स्वरांवर क्रमाने चढत जातात, त्यांच्या मधल्या काही जागांत पियानोच्या पाच काळ्या पट्ट्यांचे छोटे दुवे येतात आणि अल्बम जेथे सुरू झाला त्याच स्वरावर येऊन संपतो. ‘सीन्स’पासून ‘ऑक्टेव्हेरियम’पर्यंत प्रत्येक अल्बमचा शेवटचा ध्वनी पुढच्या अल्बमच्या आरंभी येतो. एप्रिल 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये पूर्ण वाद्यवृंदासह त्यांनी विसाव्या वर्षाचा कार्यक्रम केला. आणि 2009 मध्ये, रेडिओची मदत जवळपास नसताना, ‘ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लाइनिंग्ज’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट सहाव्या स्थानावर दाखल झाला.

एक दुर्दैवी योगायोग येथे नोंदवतो, कारण त्याविषयी चुकीच्या गोष्टी फार पसरलेल्या आहेत. ‘सीन्स’नंतर न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आधीच्या एका कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाचा संच 11 सप्टेंबर 2001 याच दिवशी दुकानांत आला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर ज्वाळांमध्ये वेढलेले न्यूयॉर्कचे क्षितिज जुळ्या मनोऱ्यांसह चितारलेले होते. चित्र अर्थातच कितीतरी आधी छापलेले होते. संच तातडीने परत मागवण्यात आला आणि नव्या मुखपृष्ठासह पुन्हा काढण्यात आला.

प्रश्न : मी तबला शिकवतो. एका विद्यार्थ्याने मला या बँडची ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ ही रचना ऐकवली. यात ताल आहे की नाही, हेच मला समजेना. समेवर यावे तर सम सापडत नाही. हा हिशेब कसा बांधलेला असतो?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण नेमक्या जागी थांबलात, आणि आपल्या कानाला जी अडचण आली ती खरी आहे. आपल्या पद्धतीत रूपक घेतला की सात मात्रांचे आवर्तन रचना संपेपर्यंत तेच राहते. तीन-दोन-दोन ही विभागणी पक्की असते आणि कलावंताची सगळी करामत त्या स्थिर चौकटीच्या आत घडते. ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ ही सुमारे सहा मिनिटांची केवळ वादनाची रचना आहे, आणि तीत चौकट स्वतःच शंभराहून अधिक वेळा बदलते. म्हणजे सातचे एक आवर्तन झाले की पुढचे पाचचे, मग सहाचे, मग पुन्हा सातचे, असा तो प्रकार आहे. प्रत्येक तुकड्याला आरंभीचा आघात आहे, त्यामुळे तुकड्यापुरती सम सापडेल, मात्र संपूर्ण रचनेची एकच सम सापडणार नाही. वादक हे मोजून वाजवण्यापेक्षा प्रत्येक तुकड्याची चाल पाठ करतात, जसे आपण बोल पाठ करतो, आणि पाठ झाल्यावर मोजणी आपोआप आत बसते.

तरीही या बँडच्या बहुतेक रचना एवढ्या टोकाच्या नाहीत. त्यांची अधिक नेहमीची युक्ती आपल्याला लगेच ओळखीची वाटेल. गिटार सात मात्रांचा तुकडा फिरवत राहते आणि ड्रमवरचा ठेका चारचाच राहतो. दोघे अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर एकाच जागी पुन्हा भेटतात. तोवर श्रोत्याला सगळे सुटत चालल्यासारखे वाटते आणि भेटीच्या जागी जो दिलासा मिळतो, तो चांगल्या तिहाईने समेवर आणून सोडल्यासारखाच असतो. विद्यार्थ्याला आपण हाताने चार धरायला आणि तोंडाने सातचे बोल म्हणायला सांगितलेत, तर या संगीताचा अर्धा उलगडा तेथेच होईल.

कोल्हापूरच्या श्रोत्याला हे परके वाटण्याचे कारण नाही, असे मी आग्रहाने म्हणेन. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब येथे राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकीची पाळेमुळे येथे रुजली. त्या गायकीत आवर्तनाचा प्रत्येक भाग स्वरांनी भरत, लयीला लपेटत समेपर्यंत जाण्याचा जो हिशेबी ध्यास आहे, तो ज्याने देवल क्लबच्या बैठकीत एकदा अनुभवला असेल, त्याचा कान गुंतागुंतीला घाबरत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे ती गुंफण बहुतांशी उपजेतून तिथल्या तिथे होते, तर येथे जवळजवळ प्रत्येक मात्रा आधी ठरवून, एकत्र बसून बांधलेली असते.

मींडेविषयी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याविषयी, आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे की, की-बोर्डवर ती कशी निघते. साध्या पट्ट्यांवर ती निघत नाही. ‘ऑक्टेव्हेरियम’ या शीर्षकरचनेच्या आरंभी जॉर्डन रुडेस यांनी कंटिन्युअम नावाचे वाद्य वापरले आहे, ज्यात वेगळ्या पट्ट्या नसून एकसंध पृष्ठभाग असतो आणि बोट सरकवले की स्वरही अखंड सरकतो. त्याला त्यांनी मांडीवर आडव्या ठेवलेल्या स्टील गिटारची जोड दिली आहे. ती पहिली काही मिनिटे आपण अवश्य ऐकावीत.

प्रश्न : माइक पोर्टनॉय परत आल्यापासून माझे मित्र म्हणतात की मधली तेरा वर्षे विसरून जावीत. मला माइक मँगिनी यांचे वादन आवडते. मी चूक आहे का?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : आपण चूक नाही. घटनाक्रम असा आहे. 2010 मध्ये पोर्टनॉय यांनी बँडने काही काळ विश्रांती घ्यावी, असे सुचवले. त्या वर्षी ते अव्हेंज्ड सेव्हनफोल्ड या बँडबरोबरही वाजवत होते. इतरांना थांबायचे नव्हते, आणि 8 सप्टेंबर 2010 रोजी पोर्टनॉय यांनी बँड सोडल्याचे जाहीर झाले. ज्याने बँड स्थापला, शब्द लिहिले, कार्यक्रमांचा गाणीक्रम रोज नव्याने ठरवला आणि चाहत्यांशी नाते सांभाळले, त्याच्याच जाण्याने हे घर मोडेल, अशी भीती खोटी नव्हती.

नंतर सात ड्रमवादकांना चाचणीसाठी बोलावण्यात आले. व्हर्जिल डोनाटी, मार्को मिनेमन, थॉमस लँग यांच्यासारखे आपापल्या जागी मातब्बर असलेले वादक त्यांत होते. निवड झाली ती मँगिनी यांची. ते त्या वेळी बर्कलीमध्ये, म्हणजे ज्या संस्थेतून बँड निघाला तेथेच, शिकवत होते, आणि बँडसाठी त्यांनी ती नोकरी सोडली. दोन्ही हातांनी सारख्याच क्षमतेने वाजवणारा, आणि त्यासाठी ड्रमची मांडणी दोन्ही बाजूंना सारखी ठेवणारा हा वादक आहे. 2011 च्या ‘अ ड्रामॅटिक टर्न ऑफ इव्हेंट्स’पासून 2021 च्या ‘अ व्ह्यू फ्रॉम द टॉप ऑफ द वर्ल्ड’पर्यंत पाच अल्बम त्यांच्यासह झाले. ग्रॅमीसाठी नामांकने आधी मिळाली होती, पण प्रत्यक्ष पुरस्कार बँडला मिळाला तो 2022 मध्ये, ‘दी एलियन’ या रचनेसाठी, आणि त्या रचनेत ड्रम मँगिनी यांचे आहेत. ती तेरा वर्षे विसरायची म्हणजे बँडचा एकमेव ग्रॅमीही विसरायचा.

पोर्टनॉय यांच्या वादनात जो मोकळा श्वास आहे, तो मला स्वतःला अधिक जवळचा वाटतो, आणि 2016 चा दोन तबकड्यांचा ‘दी अस्टॉनिशिंग’ मला त्याच्या लांबीच्या मानाने विरळ वाटतो, हेही सांगितले पाहिजे. पण तो दोष मँगिनी यांच्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. दुरावा कमी होत गेला तो हळूहळू. 2020 मध्ये पेट्रुचींच्या एकल अल्बमवर पोर्टनॉय यांनी ड्रम वाजवले, 2021 मध्ये लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंटचा तिसरा अल्बम आला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांचे पुनरागमन जाहीर झाले. फेब्रुवारी 2025 चा ‘पॅरासोम्निया’ हा त्यानंतरचा पहिला अल्बम, आणि झोपेतील विकार हा त्याचा विषय आहे. पुनरागमनाच्या बातमीनंतर महिन्याच्या आतच पहिल्या अल्बमचे गायक चार्ली डॉमिनिची यांचे निधन झाले. त्यांचे नाव आपण मित्रांच्या चर्चेत आवर्जून घ्यावे, कारण या इतिहासात सर्वांत कमी आठवण त्यांचीच काढली जाते.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. तो दिवसभर हेच संगीत ऐकतो. मला तो केवळ गोंगाट वाटतो आणि त्यातील शब्द हिंसक असतील, अशी भीती वाटते. त्याला थांबवावे का? आणि मला समजून घ्यायचे असेल तर कोठून सुरुवात करावी?
— एक आई, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : ताई, थांबवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासाच्या वेळा आणि कानांवरचा आवाज किती मोठा असावा, हे आपण अवश्य ठरवून द्यावे. शब्दांविषयीची आपली भीती मात्र या बँडच्या बाबतीत बहुतांशी निराधार आहे.

या गाण्यांतील फार मोठा भाग आप्तांच्या मृत्यूविषयीचा आणि माणसाने स्वतःला सावरण्याविषयीचा आहे. पोर्टनॉय किशोरवयात असताना त्यांची आई विमान अपघातात गेली. 1995 मध्ये निघालेल्या ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ या 23 मिनिटांच्या रचनेचे शब्द त्या दुःखातून आले आहेत. 1997 च्या अल्बममधील ‘टेक अवे माय पेन’ हे गाणे पेट्रुचींनी वडिलांच्या आजारपणावर आणि निधनावर लिहिले. दारूच्या व्यसनातून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्या पोर्टनॉय यांनी 2002 ते 2009 या काळातील पाच अल्बममध्ये एकेक गाणे करून मांडल्या. हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून लिहिले आहे, व्यसनाचे कौतुक त्यात कोठेही नाही. त्यांतील काही गाणी नादाने अतिशय कठोर आहेत, कारण सांगण्याची गोष्टच कठोर आहे, आणि मुलाला तो कठोरपणा खोटा वाटत नाही, म्हणून तो ऐकतो.

आपण सुरुवात ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’पासून करावी. ती 2009 च्या अल्बममधील तेरा मिनिटांची रचना आहे. ज्या वडिलांनी बँडला नाव दिले, त्या हॉवर्ड पोर्टनॉय यांच्या अखेरच्या दिवसांत मुलाने ती लिहिली आणि त्यांना ऐकवली. आरंभी पियानो आणि व्हायोलिन आहे, गोंगाट नाही, आणि शेवटी पेट्रुचींचे जे प्रदीर्घ गिटारवादन आहे ते समजण्यासाठी कोणत्याही पूर्वतयारीची गरज पडत नाही. त्यानंतर ‘ऑक्टेव्हेरियम’ची 24 मिनिटे, आणि मग ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ पूर्ण, पण तो तुकड्यांत ऐकू नये. शब्द छापील स्वरूपात समोर ठेवावेत आणि कथेत कोठे काय घडते ते मुलाला सांगायला लावावे. एवढ्या गुंतागुंतीची कथा त्याला पाठ असेल, याची मला खात्री आहे.